भिंतीवरची कणखर कडूबाई

धोंडीराम पेंटरला दोन गोष्टींची मनस्वी चीड होती. एक डिजिटल बॅनर आणि दुसरं स्वतःचं नाव. बॅनरनं त्याचं पोट मारलं होतं, आणि नावानं, त्याच्या मते, सगळा जन्मच. पंचवीस वर्षं त्यानं हरणमाळ आणि आसपासच्या बारा गावांतल्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, पिठाच्या गिरण्या रंगवल्या, पण कोपऱ्यात सही करायची वेळ आली की नुसतं 'पेंटर' लिहायचा. का, तर म्हणे धोंडीराम हे काय नाव झालं? धोंडा! ठेच लागली की माणूस ज्याला आधी शिवी देतो तो.

हे नाव आईनं ठेवलेलं, छबुबाईनं. तिची आधीची चार लेकरं वर्षाच्या आत गेली होती. पाचवं झालं तेव्हा तिनं ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीला उचलायला लावलं आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत 'विकत' घेतलं. नाव ठेवलं धोंडा. धोंड्याला कोण नेतंय? काळ आला तरी पायानं बाजूला सारून पुढं जाईल, असा त्यातला हिशेब. नावावरच भागलं असतं तर ठीक होतं हो! पण त्या बाईनं लेकाला उभ्या जन्मात एकदाही चांगलं म्हटलं नाही. पहिलीत पाटीवर बैल काढून दाखवला, तर म्हणाली, "घाण काढलायस." दहावीत चित्रकलेचं बक्षीस बीडहून घेऊन आला, तर म्हणाली, "घाणच हाय." मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसला, तर चारचौघांत म्हणाली, "काय ध्यान दिसतंय!" आता धोंडीराम अठ्ठेचाळीसचा झाला, केस पांढरे झाले, तरी नवी पाटी रंगवली की आईला न्यायचा दाखवायला, आणि ती बघून तोंड वाकडं करायची. मग चिडून दोन दिवस तिच्याशी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी परत पाटी.

तर हा पेंटर एरवी मोठा हुशार माणूस. तरुणपणी तालमीसमोरच्या कटिंगच्या दुकानात कव्हर फाटलेल्या चित्रकथा पडलेल्या असायच्या, पाठीवरचं कापड फडकवत उडणाऱ्या परदेशी वीरांच्या. गिऱ्हाइकं पेपर वाचायची, हा त्या चित्रकथा. नंबर आला तरी उठायचा नाही. वाचता वाचता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती आजवर तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या आली नसेल. त्या वीरांची नाव-आडनावं एकाच अक्षरानं सुरू व्हायची. वीराचं तसं, त्याच्या मैत्रिणीचं तसं, दुश्मनाचंही तसंच. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "अरे, लिहिणाराकडं पात्रं ढीगभर. विसरू नयेत म्हणून जोडीनं अक्षर घेत असंल." धोंडीरामला ते पटलं. त्यानं त्याला नाव दिलं जोडनाव. तेव्हापासून दुकानाला नाव सुचवायचं झालं तरी जोडनावच सुचवायचा. 'महाराष्ट्र मटण', 'सागर सायकल', 'जय जवान जनरल'. लोकांना आवडायचं, का आवडतं ते कळायचं नाही.

मग डिजिटल आलं आणि सगळं खलास झालं.

दोन हजार तेराचा दुष्काळ. ऊसच नव्हता तर गाळप कशाचं करता? हरणमाळचा सहकारी साखर कारखाना थंडगार पडला आणि त्याच्या मैदानात जनावरांची छावणी लागली. अडीच हजार जनावरं, आणि प्रत्येकाच्या दाव्याजवळ एक माणूस. सकाळी बाहेरून आणलेला ऊस तोडून घालायचा, टँकर आला की पाणी पाजायचं, आणि उरलेला अख्खा दिवस समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बघत बसायचं. भिंत पांढरी, साडेतीनशे फूट. कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव एक दिवस जीपमधून आले आणि म्हणाले, "पेंटर, ह्या भिंतीवर पाणी वाचवायच्या घोषणा लिहून टाक. चाळीस-पन्नास."

सहा वर्षांनी हातात मोठं काम आलं होतं. धोंडीरामनं पहिल्या दिवशी मुकाट चार घोषणा लिहिल्या. पाचवीला वळून बघितलं, तर अडीच हजार जनावरं आणि तेवढीच माणसं, एकाचंही भिंतीकडं लक्ष नाही. "पाणी हेच जीवन" वाचून कुणाला काय मिळणार होतं? ज्याला रोज दोन घागरींसाठी टँकरमागं पळावं लागतं त्याला हे भिंतीवरून शिकवायचं? धोंडीरामचं डोकं फिरलं. त्यानं पाचवी घोषणा अर्धी टाकली आणि तिथंच चित्रकथा सुरू केली. पाणी पळवणारा एक दुष्ट, त्याला अडवणारा एक वीर, दर दोन दिवसांनी नवीन चौकट. जोडनाव तर लागणारच.

आणि तिथंच त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

वीराचं नाव त्यानं लिहिलं 'सुसाट सुग्रीव'. तासाभरात घाटनांदूरकडून दोन म्हशी घेऊन आलेला सुग्रीव समोर उभा. "कावून लिव्हलं बे माझं नाव? कालपासून माझी म्हैस दावं तोडून पळायलीय, अन लोक मला सुसाट म्हणायलेत!"

"अरे, तो तू नाहीस, चित्रातला हाय."

"मग चित्रातल्याला दुसरं नाव न्हाई का जगात?"

पुसलं. दुष्टाचं नाव ठेवलं 'आडमुठा आप्पाराव'. दुपारच्या आत आप्पाराव काठी घेऊन हजर. त्याच्या मागं आणखी दोन आप्पाराव, ते का आले होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुसलं. 'पोलादी परसराम' लिहिलं तर छावणीत परसराम निघाले सात, आणि सातही जण मीच तो म्हणून भांडायला लागले. चांगलं म्हटलं तर भांडण, वाईट म्हटलं तर काठी. परदेशातल्या लिहिणाऱ्याला काय, नाव सुचलं की ठेवलं. त्याच्यासमोर का अडीच हजार जनावरांचे मालक बसलेले असतात? धोंडीरामनं अक्षरशः हात टेकले. शेवटी दुष्टाचं नाव 'दुष्काळ्या दैत्य' ठेवलं. त्यावर मात्र कुणीच हक्क सांगायला आलं नाही.

वीर सापडला तो मात्र धोंडीरामच्या डोक्यात नाही, टँकरपाशी. एका सकाळी टँकरच्या पाइपावरून झुंबड उडाली, चार गडी पाइप धरून बसले आणि बायकांच्या घागरी कोरड्या. तेवढ्यात गर्दीतून एक मेंढपाळाची बाई आली. उंच, काळीभोर, काष्टा मारलेला, खांद्यावर घोंगडी. तिनं पाइप धरलेल्या एकाच्या बखोटीला धरून त्याला बाजूला केला, जसं वासरू बाजूला करावं तसं. दुसऱ्यानं स्वतःहूनच सोडला. "आधी बाया," ती म्हणाली, आणि घोंगडी मागं टाकून पाइप घागरीत धरला. वारा होता. घोंगडी तिच्यामागं फडकत होती. धोंडीराम शिडीवरून बघत होता. त्याच्या अंगावर काटा आला.

तिचं नाव कडूबाई. एकटीच होती, नवरा उरलीसुरली मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेला, आणि हिच्याकडं एक तांबडी गाय. धोंडीरामनं विचारलं नाही न सांगितलं नाही, आठ फुटी चित्र काढलं. काष्टा, घोंगडी आकाशात, एका हातात पाइप आणि पायाखाली दुष्काळ्या दैत्य. खाली लाल अक्षरात, प्रत्येक अक्षर हातभर: कणखर कडूबाई.

काय सांगावं छावणीचं! बायका हसून हसून लोळल्या. पोरीबाळी घोंगड्या बांधून पळू लागल्या. आता दर दुसऱ्या दिवशी सकाळी लोक जनावराला चारा टाकायच्या आधी भिंतीसमोर. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याही तोंडात 'कणखर कडूबाई' बसलं, जोडनावाचा गुणच तो. धोंडीरामनं धावत जाऊन आईला सांगितलं. "लोकं रांग लावून बघायलेत, माय. चल की."

छबुबाई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "घाणच काढलं असशील."

"अगं बघ तरी आधी! न बघता घाण?"

"बघून काय चांगलं होणार हाय का?"

तो तणतणत परत आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. ह्याच्या तर नावातच धोंडा आणि हातात असला ब्रश, पण सांगायचं कुणाला?

चौथी चौकट झाली त्या दिवशी सकाळीच कडूबाई शिडीखाली येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"पेंटरभाऊ, माझं नाव पुसा."

"कावून? आता तर कुठं रंग वाळलाय."

"गाय पडलीय. पोट फुगलंय. पाय झाडायलीय."

धोंडीराम खाली उतरून पळतच गेला. तांबडी गाय आडवी, पोट नगाऱ्यासारखं. शेजारीच पेंडीचं पोतं फाटलेलं आणि निम्मं रिकामं. "अगं बाई, दावं तोडून पेंड खाल्लीय तिनं! निम्मं पोतं! माझ्या चित्राचा काय संबंध? डॉक्टरला बोलाव."

"बोलावलाय. येतील ते. पण नाव पुसा तुमी."

"कडूबाई, येडी का खुळी तू?"

तेव्हा ती त्याच्यासमोर मातीत बसली. आठवड्यापूर्वी चार गड्यांना पाइप सोडायला लावणारी बाई हात जोडून बसली. म्हणाली, "भाऊ, माझ्या आईची पाच गेली. मी सहावी. मरणानं तोंडात घेतलं तरी थुकून द्यावं म्हणून कडू नाव ठेवलं. माझ्या आईनं मला कधी नवं लुगडं नेसवलं न्हाई, कधी येणी घातली न्हाई. कुणाची नजर पडू न्हाई म्हणून. चाळीस वर्षं ते नाव मी कडूच ठेवलं. अन तुमी हातभर अक्षरात लिव्हलं, वर कणखर म्हणलात. अडीच हजार लोकं रोज बघत्यात. आता कुणाची नजर लागायची राहिली, सांगा?"

धोंडीरामला खूप काही बोलायचं होतं. पेंड, पोट, विज्ञान, सगळं जिभेवर होतं. पण डोळ्यांसमोर आलं ते भलतंच. उकिरडा, सूप, मूठभर कोंडा. घरी भाकरी थापणारी म्हातारी. 'घाणच काढलं असशील.' त्याला स्वतःचाच राग आला आणि का आला ते कळेना.

"बरं बाई, पुसतो," तो म्हणाला. "बघू काय करता येतंय ते."

नेमकं त्याच वेळी, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, अर्जुनरावांची जीप आली. साहेब भिंतीवर खूश होते. गावोगाव चर्चा होती, आणि तीन महिन्यांवर कारखान्याची निवडणूक. "धोंडीराम, काम झकास हाय. फक्त नाव बदल. त्या बाईच्या जागी मी पाहिजे. तूच म्हणतोस ना, एका अक्षराची जोडी? मी काढून ठेवलीय. अजिंक्य अर्जुनराव." साहेब स्वतःवरच खूश होऊन हसले. "आणि ऐक, पुढच्या हंगामापासून कारखान्याचं डिजिटल बंद. सगळ्या पाट्या, सगळ्या भिंती तुझ्याकडं. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे. उद्या सकाळी पेपरवाले येणार हायत फोटोला."

जीप गेली. घ्या! कडूबाईला नाव पुसून हवं, साहेबाला नाव लिहून हवं, आणि पेंटरला आयुष्यभराचं काम मिळणार. सगळ्यांचं भागत होतं. तासाभराचं काम. दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडला असता.

धोंडीराम शिडीवर चढला. 'कणखर कडूबाई' वर चुन्याचा हात फिरवला. अक्षरं फिकट झाली, मग गेली. मग लाल रंगात ब्रश बुडवला, 'अ' काढण्यासाठी हात उचलला, आणि तिथंच थांबला. वर ती घोंगडी फडकत होती. ते बखोट, तो पाइप, पायाखालचा दैत्य. जीपमधून ज्यानं कधी पाय खाली टाकला नाही त्याचं नाव त्या घोंगडीखाली? आयत्या बिळावर नागोबा! पंचवीस वर्षं त्यानं लोकांची नावं लिहिली, सरपंचांची, आमदारांची, हॉटेलवाल्यांची, मेलेल्यांची. एवढं चांगलं चित्र त्यानं जन्मात काढलं नव्हतं आणि तेही दुसऱ्याच्या नावावर?

पण मोकळं तर ठेवता येत नव्हतं. मोकळं ठेवलं तर उद्या सकाळी साहेब दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार. आणि चित्र कडूबाईचंच राहिलं तर ती म्हणणार, नाव पुसलं तरी तोंड माझंच हाय.

मग काय, संतापाच्या भरात माणूस जे करतो ते त्यानं केलं. काष्ट्याचे चार फटकारे बदलून धोतर केलं. बांगड्या पुसल्या. तोंडाला मिशा काढल्या, आपल्यासारख्या, एक बाजू जरा खाली. केस पांढरे केले. खाली, हातभर लाल अक्षरात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. जोडनावच. धुरंधर धोंडीराम.

"लागू दे कुणाची लागायची ती नजर," तो शिडीवरून मोठ्यांदा म्हणाला. "मला लागू दे. माझ्याकडं गाय न्हाई न म्हैस न्हाई. काय फुगायचं ते माझं पोट फुगंल!"

तोवर जनावरांच्या डॉक्टरनं गाईला तेल पाजून सुई टोचली होती. तासाभरात गाय उठून उभी राहिली आणि लगेच शेजाऱ्याच्या उसाला तोंड लावलं. कडूबाई धोंडीरामच्या पाया पडायला आली. तो वैतागून ओरडला, "डॉक्टरच्या पाया पड, बाई!" तिनं ऐकलं नाही.

आणि मग ती आली. कुणी जाऊन सांगितलं देव जाणे, पण ऊन उतरायच्या आत छबुबाई पायीपायी छावणीत आली. बहात्तर वर्षांची म्हातारी, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. लोक बाजूला झाले. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि वर बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण मिशा ओळखता येत होत्या.

"खाली काय लिव्हलंय?" तिनं विचारलं.

कुणीतरी वाचून सांगितलं. "धुरंधर धोंडीराम."

म्हातारीचं तोंड पांढरं पडलं. धोंडीराम शिडीजवळ उभा होता. खरं सांगायचं तर त्याला अजूनही वाटत होतं, आज तरी म्हणेल. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, पण वाटत होतं.

"लई घाण काढलंयस," छबुबाई मोठ्यांदा म्हणाली. छावणीतल्या शेवटच्या दाव्यापर्यंत ऐकू जाईल इतकं मोठ्यांदा. "माकडासारखं तोंड. हात का पाय ते कळंना. ह्याला काडीचं येत न्हाई. माझ्या पोराला जन्मात काही चांगलं जमलं न्हाई, ऐका सगळे!"

तिचा आवाज शेवटी फाटला. मग ती तरातरा कडूबाईच्या चुलीकडं गेली, पालथा पडलेला तवा उचलला आणि त्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली. परत येऊन शिडीला हात घातला.

"माय, काय करायलीस? पडशील!"

"धर शिडी."

"अगं, हाडं मोडतील. दे इकडं, मी लावतो."

"तू लावून चालत न्हाई. आईनंच लावावी लागती. धर नीट."

त्यानं धरली. काय करणार? आजवर त्या बाईपुढं त्याचं कधी चाललं होतं? ती एक-एक पायरी चढत गेली. खालून त्याला तिच्या टाचांच्या भेगा दिसत होत्या. वर पोचून तिनं हात लांबवला आणि आठ फुटी चित्राच्या गालावर काजळीचा ठिपका लावला. एकानं समाधान झालं नाही म्हणून बोटानं तो आणखी मोठा केला. खाली शंभरएक माणसं बघत होती, आणि एकही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पेपरवाल्यांना घेऊन आले, भिंत बघितली आणि तिथूनच जीप वळवली. आठवड्यात बीडहून डिजिटल आलं, कारखान्याच्या गेटवर लागलं, अजिंक्य अर्जुनराव, वीस बाय तीस. धोंडीरामचं काम गेलं ते गेलंच. नंतर छावणी उठली तेव्हा कडूबाई जाता जाता भिंतीला हात लावून कपाळाला लावून गेली. धोंडीराम म्हणायचा, लोकं खुळी हायत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी म्हातारी शिडीवरून खाली उतरली तेव्हा बोटाला थोडी काजळी उरली होती. तिनं लेकाकडं बघितलं. पांढरे केस, वाकडी मिशी, गालावर लाल रंगाचा शिंतोडा.

"खाली वाक," ती म्हणाली.

"माय, लोकं बघायलेत."

"त्याच्यासाठीच तर."

तो वाकला. तिनं उरलेली काजळी त्याच्या गालावर लावली, आणि बोट तिथंच जरा वेळ ठेवलं.